जेवणाआधी अर्धा तास

"ताई, थांब. थांबलीस का? बोल की!"

वॉकीटॉकीतून मामांचा आवाज खरखरत आला तेव्हा ती क्रेनच्या केबिनमध्ये डावा हात छातीवर दाबून बसली होती. उजवा हात दांड्यावर होता. समोर सळ्यांचा भारा अधांतरी लटकत होता, आणि खूप खाली, अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतीच्या स्लॅबवर, मुंग्यांएवढी माणसं वर बघत होती.

"थांबलेय," ती म्हणाली.

"आवाज का असा येतोय?"

"कळ आलीय."

"कुठं?"

छातीच्या मधोमध निखारा ठेवावा तसं झालं होतं, आणि तो निखारा गळ्यापर्यंत चढत होता. जळजळ तिला नवी नव्हती. पण आजची पाठीत आरपार गेली होती, आणि कपाळावर घाम आला होता. तिने एवढंच ठरवलं, की आधी भारा खाली, मग आपलं काय व्हायचं ते होऊ दे.

"मामा, माणसं बाजूला घ्या. उतरवते."

"घेतली. सावकाश. आण... आण... अजून जरा. हं, टेकला."

आकडा सुटल्याचं मामांनी सांगितल्यावरच तिने दांडा सोडला आणि डोकं मागे टेकलं.

साइटवर तिला सगळे 'घार' म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला ते आवडे. वयात येता येता ती अशाच एका साइटवर घमेली वाहायला लागली होती. एकदा मान वर करून क्रेनकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "मी तिथं बसणार." शेजारीण हसली होती. पुढे ती शिकली, परीक्षा दिली, बसली. तेव्हापासून तिच्या हातून माणसाला सोडाच, भिंतीलाही ओरखडा आला नव्हता, आणि हे सांगायला तिला दुसऱ्या कुणाची गरज पडत नसे. ती स्वतःच सांगायची.

मामा तिचे खालचे डोळे. खांद्यावर लाल फडकं, हातात वॉकीटॉकी. किती साइट दोघांनी मिळून उभ्या केल्या होत्या! दिवसभर तिच्या कानात तोच एक आवाज असे. घरच्यांपेक्षा मामांशी तिचं बोलणं जास्त व्हायचं.

त्या दिवशी ती शिडीने खाली आली तेव्हा मामा पायथ्याशी उभे होते. तिचा चेहरा बघून म्हणाले, "चल दवाखान्यात."

"गोळी घेतलीय. बसेल."

"कसली गोळी?"

"सासूबाईंची."

सासूबाईंच्या उशाखाली ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. 'जळलं की टाकायची तोंडात,' हे त्यांचं शास्त्र. "इतकी वर्षं घेतेय, मला काय झालंय?" असं म्हणून त्यांनी सुनेलाही अर्धी पट्टी फाडून दिली होती. ती पट्टी घेऊन सून केबिनमध्ये चढायची आणि छाती पेटली की एक गोळी चघळून टाकायची. गोळी पोटात जायची, आग जागच्या जागी राहायची.

"मामा," ती हळूच म्हणाली, "हार्टचं काही निघालं तर मला परत वर कोण बसू देईल?"

"आणि हार्टचं असून वर बसलीस, तर खाली डोकं माझं आहे."

ती दवाखान्यात गेली.

दवाखान्यातली डॉक्टरीण तिच्यापेक्षा वयाने लहान, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं, बसवून ठेवलं. बाकावर बसून घारीने समोरच्या भिंतीकडे बघत मनाशी हिशेब मांडला. क्रेन गेली तर काय? परत घमेली? नवऱ्याच्या स्कूलबसमध्ये मुलांना चढव-उतरव करायचं? तिला स्वतःचीच कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टरीण म्हणाली. "सकाळी काय खाता?"

"काही नाही. अर्धा कप काळा चहा."

"दुपारी?"

"काही नाही."

"उपवास असतो का?"

"नाही. क्रेन असते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकदा वर चढलं की संध्याकाळपर्यंत उतरायचं नाही. वर संडास-बाथरूम कुठून असणार? पुरुष ड्रायव्हर बाटलीवर भागवतात. तिला ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने खाणंपिणंच बंद केलं होतं. घोटभर पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी घरी गेलं की दुष्काळातून सुटल्यासारखं पोटभर, गळ्यापर्यंत जेवायचं आणि तसंच अंथरुणावर पडायचं.

"मग आम्ल वर येणार नाही तर काय होईल?" डॉक्टरीण म्हणाली. "ही गोळी रोज सकाळी, उपाशी पोटी. जेवणाआधी अर्धा तास."

"आणि जेवलेच नाही तर?"

"तर निम्मी वाया गेली समजा. गोळीच्या मागून अन्न पोटात गेलं, तरच तिचं काम नीट होतं. आणि ती आग विझवायची गोळी नाही. पेटल्यावर घेऊन उपयोग नाही, रोज घ्यायची. चार-आठ दिवस फरक वाटणारही नाही."

"आमच्या सासूबाई तर पेटल्यावरच घेतात."

"त्यांनाही घेऊन या. आणि दुपारी थोडं खायचं, रात्री कमी. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, आणि झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवायची."

"डॉक्टर, तुम्ही मला गोळी देताय की नोकरी सोडायला सांगताय?"

डॉक्टरीण हसली, पण तिने लिहिलेलं काही खोडलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा सरकवल्या. सकाळी दोघंही पायथ्याशी गोळा झालेली सापडली. "घसरगुंडीवर झोपलोय," तो म्हणाला. पण विटा काढल्या नाहीत. सासूबाई मात्र रुसल्या. "माझ्या गोळीत काय वाईट होतं?" त्यांनी दोनदा विचारलं.

पहिला आठवडा वाईट गेला. गोळी घ्यायची, अर्धा तास घड्याळाकडे बघत बसायचं, मग ब्रेड आणि केळं बळेच ढकलायचं. डोकं दुखायचं, पोट फुगायचं, आणि छाती जळायची ती जळायचीच. वर दुपार झाली की ओटीपोट ताठ व्हायचं. दात आवळून ती संध्याकाळ गाठायची. मग एक दिवस मामांनी विचारलं, "काय गं, आज गाणं म्हणतेस होय?" तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून छातीवर हात गेलाच नाहीये.

पुढचा महिना तसा छान गेला. इतका छान, की आपण बरे झालो अशी तिची खात्रीच पटली. एका सोमवारी तिने गोळी बंद केली. त्यामागून नाश्ताही सुटला, आणि जुनं वेळापत्रक परत आलं. आठवड्याच्या आत आग परतली आणि यावेळी जेवणच काय, साधं पाणी प्यायलं तरी घशात आंबट कढत लोळ यायचा.

"विचारून बंद केलीत?" डॉक्टरीण यावेळी हसली नाही. "गोळी अशी एकदम तोडायची नसते. पोट उसळतं. हळूहळू कमी करू, मी सांगेन तेव्हा. पण खरं सांगू का? दुपारी काही खाल्लं नाहीत, तर जन्मभर गोळ्याच घेत बसाल. तुमची इच्छा."

परत येताना तिने काही ठरवलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी क्रेनवर चढण्याऐवजी ती सरळ फोरमनच्या पत्र्याच्या खोलीत गेली.

"साहेब, दुपारी मला खाली यावं लागेल. जेवायला."

फोरमनने मान वर केली नाही. "बाई, क्रेन थांबली की सगळी साइट थांबते. डबा मी दोरीने वर पाठवतो. रोज. गरम."

"डबा वर येईल, साहेब. बाकीचं खाली कसं पाठवू?"

फोरमनच्या हातातला कागद तसाच राहिला. तो कानापर्यंत लाल झाला. बायकांशी असलं काही बोलावं लागेल हे त्याच्या कामात कधी बसलंच नव्हतं. मग तो रागाने म्हणाला, "जमत नसेल तर दुसरा ड्रायव्हर बघतो."

"बघा. त्यालाही पोट असेलच."

आणि ती वर गेली.

दुपारी उन्हं डोक्यावर आली तेव्हा तिने विटांनी भरलेला शेवटचा पाळणा स्लॅबवर टेकवला, आकडा वर ओढून घेतला आणि बटण दाबलं. "मामा, काम थांबलंय. मी खाली येतेय."

वॉकीटॉकीवर फोरमनचा आवाज मध्येच घुसला, "कुणाला विचारून?"

"आम्हाला ऐकू आलं, ताई," मामा शांतपणे म्हणाले. "ये सावकाश. शिडी तापलीय."

दुसऱ्या दिवशी फोरमनने खरोखरच दुसरा ड्रायव्हर आणला. धिप्पाड गडी होता. घारीला फोरमनने खाली बाकावर बसवून ठेवलं. दुपार झाली आणि तो गडी आकडा वर घेऊन, रुमालाने मान पुसत खाली उतरला. "आमच्या जुन्या साइटवर एवढी सुट्टी असायचीच," तो फोरमनला म्हणाला, "इथं नाही?" फोरमन आपल्या खोलीत निघून गेला. तिसऱ्या दिवशी घार परत आपल्या केबिनमध्ये होती, आणि दुपारी क्रेन थांबते हा साइटचा नियम होऊन गेला होता. कुणी तो जाहीर केला नाही.

गोळी चालूच राहिली, आधी रोज, मग अर्ध्या ताकदीची, मग एक दिवसाआड. मध्ये एकदा पुन्हा जळलं, तेव्हा ती घाबरली नाही, गोळी मध्येच तोडली नाही, डॉक्टरीणबाईंना विचारून आली. सासूबाईही अखेर दवाखान्यात गेल्या. त्यांना ही सकाळची गोळी कायमची लागणार असं निघालं. मात्र आता त्याही सकाळी उठून अर्धा तास घड्याळासमोर बसायच्या आणि सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या, "झाला बाई एकदाचा!"

मामांबरोबर जेवायला बसल्यावर पहिले काही दिवस दोघांना बोलायलाच सुचेना. कानातल्या आवाजाची सवय. समोर बसलेल्या माणसाचं काय करायचं? मामांच्या भुवया पिकल्यात हे तिला आत्ता दिसलं. ते एका बाजूने चावतात हेही. "दाढा गेल्या," ते म्हणाले. "कधी?" "झाले की कितीतरी दिवस. वरून दिसत नाही ते." तिने आपल्या डब्यातला मऊ भात त्यांच्या झाकणात वाढला. त्यांनी नको म्हटलं नाही.

मग मामांनी वर बघितलं. "रिकामीच फिरतेय बघ."

क्रेनचा लांब बाहू वाऱ्याबरोबर हळूहळू वळत होता. "फिरण्याचा ब्रेक मुद्दाम सोडून आलेय," ती म्हणाली. "वाऱ्यात ती अडवून धरायची नसते."

आता सगळेच एका वेळी जेवत. गवंडी, सुतार, सळईवाले, ज्याला जिथं सावली मिळाली तिथं. बाहूची सावली स्लॅबवरून उतरून त्यांच्या डब्यांवरून, गुडघ्यांवरून सरकत गेली. फोरमन खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने घड्याळ पाहिलं. घारीने त्याला पाहिलं. डब्यात अजून बरंच होतं. तिने पुढचा घास घेतला आणि तो सावकाश चावत राहिली.