कोरड्या जागांची यादी

अणुकचरा म्हणजे नेमकं काय, हे आमच्या गावात कुणालाच कळलं नव्हतं. पण तो कुठे ठेवावा यावर मात्र प्रत्येकाचं मत होतं. सरकारी पथक पहिल्यांदा आलं तेव्हा म्हणालं, अजून काही ठरलेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणालं, तुमच्या संमतीशिवाय काही ठरणार नाही. तिसऱ्यांदा एक फॉर्मच देऊन गेलं: ‘गावातील कोरड्या जागांची यादी’. कचरा खडकात खोल पुरायचा आणि तिथे पाणी नको, म्हणून. लोकसहभाग समितीला शिकलेली बाई हवी होती, त्यामुळे सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. मी हुमेरा, खाजा मियांची मुलगी.

माझे अब्बा पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतात. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. मी बीएस्सी झालेली, माझा नारळावर काडीचाही विश्वास नाही. पण शिरड शहापूरपासून कुरुंद्यापर्यंत अब्बांनी दाखवलेल्या बोअरना पाणी लागतं, हेही खोटं नाही. त्यामुळे फॉर्म अब्बांपुढे ठेवायचा, हे गावाने परस्पर ठरवून टाकलं. चाळीस वर्षं ज्याला पाणी कुठे आहे ते विचारलं, त्याला आता कुठे नाही ते विचारायचं!

अब्बांनी सहा जागा सांगितल्या. सातवी किसनरावांनी आठवण करून दिली.

“माहा वरचा माळ राहिला की, खाजाभाई. अठरा सालामागं तुमीच म्हणले व्हते, थेंब न्हाई तिथं.”

अब्बा नमाजाची वेळ झाली म्हणत उठले. वयामुळे विसरले असतील असं वाटून मी लिहून टाकलं. पुढे पथकाने सहा जागा गाळल्या, कुठे घरं जवळ, कुठे जागा अपुरी. उरला किसनरावांचा माळ. किसनराव तर खुशीने द्यायला तयार! “खाजाभाईनं कोरडं म्हणलं म्हंजे कोरडं. ज्वारी बी धड येत न्हाई.”

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी अब्बांनी चहाला हात लावला नाही. विहिरीच्या काठावर जाऊन बसले. आमची विहीर त्या माळाच्या बरोबर खाली आहे. उन्हाळ्यात अर्धं गाव तिथे पाणी भरतं.

“नारियल खडा हुआ था, बेटा,” ते म्हणाले. “मैं झूट बोल्या.”

मला आधी कळेचना. मग त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. झरा एकच. किसनरावांनी वर बोअर घेतला असता तर खाली आमची विहीर आटली असती.

मला संताप आला, आणि तो नेमका कशाचा तेही समजेना. नारळ थोतांड असेल, तर अब्बा खोटं बोलले असं तरी कसं म्हणायचं? आणि नारळ खरा असेल, तर तो कचरा आमच्याच झऱ्यावर बसणार. “मशीनने तपासतीलच की ते,” मी म्हणाले.

“मगर कागज पे किसनराव की सही आज है.”

तेही खरंच होतं. पाणी सापडेपर्यंत किसनरावांची जमीन गेलेली असणार. आणि आज सांगावं, तर अब्बांच्या चाळीस वर्षांच्या शब्दाची माती होणार. काय करा म्हणून सांगू? मी फॉर्म उचलला आणि सभेला निघाले.

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. पथकाच्या पुनम मॅडमनी संमतीपत्र पुढे केलं. किसनरावांनी पेन उघडलं आणि अब्बा उठले.

“किसनराव, थांबा. तिथं पानी हाय.”

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, म्हातारा घाबरला कचऱ्याला.

किसनराव मात्र हसले नाहीत. “आन् तवा?”

“तवा बी व्हतं. माही हीर आटंल म्हणून मी न्हाई म्हणलो.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “मग यादीत काय धरायचं? कोरडी की ओली?” माझ्या हातात फॉर्म होता, त्यावर अक्षर माझंच होतं. सातव्या जागेपुढे मी प्रश्नचिन्ह काढलं.

किसनरावांनी सही न करता कागद मॅडमकडे परत सरकवला. माळ वाचला होता. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी अब्बांकडे बघवेना.

तेवढ्यात बायकांमधून आशाबाई उठल्या, किसनरावांची बायको. दर उन्हाळ्यात त्या आमच्या विहिरीवरून पाणी नेतात आणि हळद शिजून वाळली की पहिली पाटी आमच्या घरी पाठवतात. त्या रागावल्या नव्हत्या. हिशेब न लागल्यासारख्या अब्बांकडे बघत होत्या.

“म्हंजे खाजाभाई, अठरा सालं मी डोक्यावर माह्याच रानातलं पाणी वाहून राहिले व्हते का? आन् वरून तुमालाच हळद पाठवून राहिले, उपकार फेडायचे म्हणून?”

अब्बांनी होकारार्थी मान हलवली.