गाळलेलं वाक्य

नीनाताईवर चिडून झालं माझं. तिच्या वडिलांना, दिगंबरकाकांना मात्र मी जन्मात माफ करणार नाही!

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला त्यांच्या बेसमेंटमध्ये राहून मी इतिहासात पीएचडी करत होते. विषय होता अमेरिकेच्या घटनेतला शस्त्रं बाळगण्याचा हक्क आणि त्याचे १७८९ चे कच्चे मसुदे. सुरुवातीच्या मसुद्यात एक वाक्य होतं: ज्याचा धर्म शस्त्र धरू देत नाही, त्याच्यावर लढायची सक्ती नको. पुढे ते गाळलं. का गाळलं, यावर दोन वर्षं डोकं फोडून मी एक प्रकरण लिहिलं. तेही काकांच्या कॉम्प्युटरवर, कारण माझा लॅपटॉप बंद पडला होता. काका एकेक पान वाचायचे आणि म्हणायचे, "शाब्बास गं ज्ञानदा!"

नीनाताई इथेच जन्मलेली, वकील. इंग्लिश तपासायला म्हणून फाइल तिला दिली. वर स्वतःचं नाव टाकलं नाही. ताईला देताना नाव कसलं टाकायचं, ती काय परकी आहे? अक्कल गहाण ठेवली होती मी!

२००८ च्या फेब्रुवारीत बंदुकीच्या हक्काचा खटला सुप्रीम कोर्टात गाजत होता. नीनाताईच्या वकिली फर्मनं त्यात कोर्टाला लेखी निवेदन दिलं. त्यात माझी पानंच्या पानं, जशीच्या तशी, तिच्या नावावर. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी माझं प्रकरण प्रोफेसरांना दिलं, तर त्यांनी ते निवेदन आधीच वाचलेलं; चोर म्हणून मलाच बोलावलं. "तू लिहिलंस हे सांगणारं कोणी आहे? नसेल तर पीएचडी विसर."

"काका आहेत ना," मी छातीठोकपणे म्हणाले.

त्यांनी स्पीकरवर फोन लावला. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाले, "ज्ञानदा गुणी मुलगी आहे. पण तिला हे लिहिताना मी कधी पाहिलेलं नाही. ते काम माझ्या मुलीचं."

"काका, अहो..." एवढंच तोंडातून फुटलं.

"अगं, तू आहेस होय तिथे?" काका मराठीत आले. आवाज रोजच्यासारखाच मऊ. "येताना दूध घेऊन ये हं. काकू चहासाठी खोळंबल्यात."

आणि मी मूर्ख, सवयीनं म्हणाले, "हो काका."

फोन बंद झाला. प्रोफेसर पुढे झुकले. "शेवटी तुमच्या भाषेत काय म्हणाले? कबूल केलं का?"

"नाही," मी म्हणाले. "दूध आणायला सांगितलं."