आधी कोण उठणार

हॉलमध्ये सोफा एक, खुर्च्या तीन, स्टूल एक. माणसं सहा. सोफ्यावर तो आणि त्याची आत्या, समोरच्या खुर्च्यांवर बाबा, आई आणि मामा, स्टुलावर मी. चहाचे कप सहा, त्यांतले रिकामे पाच. सहावा माझा, अजून भरलेला.

तो सूक्ष्मदर्शक दुरुस्त करतो. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक वर्षभरात अकरा वेळा बिघडला. त्यातल्या नऊ वेळा तो मी बिघडवला होता.

त्याच्या घरची भाषा वेगळी, देव वेगळे. आई-वडील नाहीत, आत्यानंच वाढवलं. त्या दातांच्या डॉक्टर. बाबा शिंपी. सकाळी दहाला सुरू झालेली आमच्या लग्नाची बोलणी साडेअकराला संपली. धर्म, भाषा, राहायचं कुठे, मुलांची नावं, कशावरही गाडी अडली नाही. भांडायच्या तयारीनं आलेले मामा तर हिरमुसले. "झालं? एवढंच?" म्हणाले.

मग कोणी उठेना.

एक वाजता आईनं जागेवरच ताटं दिली. तीनला पुन्हा चहा झाला. मी कप धुवायला आत गेले, तर तो मागोमाग आला.

"तुझ्या आत्या निघत का नाहीत?" मी विचारलं.

"तुझे बाबा उठले की निघेल. आमच्याकडे यजमानांच्या आधी पाहुण्यांनी निघायला उठायचं नसतं. उठले, तर घर पसंत नाही असा अर्थ. सोयरीक मोडली."

मी नळ बंद केला. "आमच्याकडे पाहुण्यांच्या आधी यजमान निरोप द्यायला उठले, तर पाहुण्यांना हाकलल्यासारखं. सोयरीक मोडली."

"मामा तीनदा उठले की."

"कामाला किंवा बाथरूमला उठलेलं धरत नाहीत."

"आमच्याकडेही नाही."

म्हणजे बाबा किंवा आत्या, कोणीही आधी उठलं, तरी आमचं लग्न मोडणार होतं.

आम्ही बाहेर येऊन दोन्ही नियम सगळ्यांना नीट समजावले. तीच चूक झाली. तोवर दोघं भिडेखातर बसली होती, आता हट्टानं बसली.

"मी रोज बारा तास मशीनवर बसतो," बाबा म्हणाले. "मला काही घाई नाही."

"मी तीस वर्षं लोकांना आ वासून बसवतेय," आत्या म्हणाल्या. "मलाही नाही."

"अहो, पण गुडघे?" आई बाबांच्या कानाशी लागली.

"गुडघे माझे आहेत."

मामांनी तोडगा काढला: तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम उठायचं. मामांनी आकडे मोजले. बाबा अंदाजे दोन सेंटिमीटर उठले. आत्यांनी फक्त हात टेकवले. ते बघून बाबा परत बसले.

"फसवलंत!"

"तुम्ही तरी कुठे उठलात? एवढं तर तुमच्या हातून कापड मोजताना सुटत असेल."

"'अजिबात दुखणार नाही' म्हणणाऱ्यांनी मला मापं शिकवू नयेत."

आत्यांना हसू फुटलं, पण त्या हलल्या नाहीत. "अहो, घर पसंत आहे मला. मुलगीही. म्हणून तर चिकटून बसलेय."

"मग मी काय तुम्हाला हाकलायला बसलोय?"

साडेपाच वाजले. बाबांचा डावा पाय थरथरायला लागला. तो नेहमी उजव्याच्या आधी थरथरतो. आता फार वेळ नव्हता.

"आत्या," मी म्हणाले, "पसंत आहे म्हणालात. मग मी तुमची झाले ना?"

"झालीस."

"बाबा, आणि तो?"

"तो आपला. हे काय विचारणं झालं?"

मी स्टुलावरून उठले. "मग मी त्यांच्यातली. मी निघते. बाबा, पाहुण्यांकडून एक माणूस आधी उठलं."

तोही ताडकन उठला. "आणि मी या घरचा. आत्या, यजमानांकडून एक उठला. आता ऊठ."

"अरे वा!" मामा म्हणाले. "अजून लग्नाचा पत्ता नाही आणि कसली सून नि कसला जावई? हे काही धरता येणार नाही."

मी त्याचा हात धरला. बाबा आत्यांकडे बघत होते आणि आत्या बाबांकडे.

"तुमचे मेहुणे फार बोलतात," आत्या म्हणाल्या.

"तू गप रे," बाबा मामांना म्हणाले. "'झालीस' म्हटलं ना त्यांनी? धरलं."

"'आपला' म्हणालात तुम्ही. मीही धरलं."

दोघं एकदम उठली. चार गुडघे लागोपाठ वाजले. आई डोळे पुसत चपला शोधून द्यायला धावली. निघता निघता आत्यांना विचारायचं आठवलं, की लग्नातले कपडे बाबाच शिवणार का. बाबांनी टेप आणली.

आमच्या सोफ्यापासून दारापर्यंतचं अंतर चार मीटर वीस सेंटिमीटर आहे. ते कापायला त्या दोघांना एक तास बावीस मिनिटं लागली.