मावशीच्या कोपऱ्याकडे वळलेली मान

त्या क्रीडागृहात दिवे होते, उजेड मात्र नव्हता. छताला टांगलेल्या दिव्यांपैकी निम्मे बंद, उरलेले पिवळट, आणि तेही असे थरथरणारे की पाठोपाठ काढलेल्या फोटोंत एक पिवळा निघे, एक हिरवट आणि एक पार काळवंडलेला. माणसाच्या डोळ्याला ही थरथर कळत नसे; कॅमेऱ्याला बरोबर कळे.

मावशीचा पोटापाण्याचा उद्योग बरण्या-बाटल्यांचे जाहिरातीसाठी फोटो काढण्याचा. बरणी उडी मारत नाही, धक्काबुक्की करत नाही. पण भाची बास्केटबॉल खेळू लागली, तेव्हापासून मावशी प्रत्येक सामन्याला कॅमेरा घेऊन हजर. तिने आपली पद्धत ठरवून टाकली होती. फ्लॅश अजिबात नाही. हवेत असलेल्या मुलीच्या डोळ्यांवर झोत टाकणे म्हणजे तिला खाली पाडणे. लेन्सचे तोंड सताड उघडे. शटर असे वेगवान की चेंडू जागीच थिजावा. एवढ्या अंधारात त्याची किंमत म्हणजे चित्रभर रवा सांडल्यासारखे कण. ते घरी संगणकावर पुसायचे. आणि बसायचे एकाच जागी: चढाई करत येणाऱ्या मुलींच्या डाव्या हाताला पडणाऱ्या कोपऱ्यात, कारण तीन धडधाकट दिवे तेवढे तिथेच होते. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलत, तेव्हा ती कॅमेरा पिशवीत ठेवी आणि नुसती ओरडे.

भाचीला सगळे बुटकी म्हणत, कारण संघात सर्वांत उंच तीच. या हंगामात तिचा फोटो कधी वाया जात नसे. बाकीच्या मुलींची पाठ यायची, कोपर यायचे. बुटकीचा चेहरा मात्र हमखास मावशीकडे.

"अगं, बास्केट तिकडे आहे, मावशी इकडे!" मुली चिडवत.

"मावशीनं नाक नीट काढावं म्हणून चाललंय," बुटकी म्हणे.

बुटकीच्या आईने, म्हणजे ताईने, त्यातला एक फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला होता. आल्यागेल्याला ती सांगे, "बघा, खेळतानासुद्धा मावशीला विसरत नाही. आईकडे बघायचं म्हटलं की मात्र मान अवघडते!" मावशी वरवर नको नको म्हणे, पण तिच्या अंगावर मूठभर मांस चढे.

निवडीच्या सामन्याच्या दिवशी वरच्या बाकावर निवड समितीचे दोघे येऊन बसले. आज चमकली तर बुटकी मोठ्या संघात जाणार होती. मावशी आपल्या कोपऱ्यात पोहोचली आणि वर पाहते तो काय, तिन्ही दिवे गेलेले.

"अहो सर, हे काय?"

"सकाळीच गेले. तुम्ही पलीकडच्या कोपऱ्यात बसा, तिथे एक तरी जिवंत आहे," प्रशिक्षक म्हणाले. "आणि काळजी नको, तुमची भाची तिकडेही मान वळवेल. तिला काय, कॅमेरा दिसला की झालं."

मावशी हसली. उजव्या हाताच्या त्या कोपऱ्यात मांडी घालून बसली, पांढरा कागद समोर धरून तिने रंग जुळवून घेतले. सामना सुरू झाला. बुटकी चेंडू आपटत आली, मावशीने बटण दाबून धरले आणि पडद्यावर पाहिले. वेणी. पुढच्या चढाईला कान. मग पुन्हा वेणी.

रुसली की काय? मावशीला प्रथम चक्क वाईट वाटले. पुढच्या वेळी तिने कॅमेरा खाली घेतला आणि उघड्या डोळ्यांनी पाहिले. बुटकीची मान डावीकडेच वळलेली होती. जिथे आज काळोख होता आणि माणूस म्हणून कोणी नव्हते, त्या कोपऱ्याकडे.



मागच्या सामन्याचे फोटो कार्डावर तसेच होते, कण न पुसलेले. तिने एक उघडला आणि मोठा करत करत डोळ्यांपाशी आली. चेहरा कॅमेऱ्याकडे होता. दोन्ही बुबुळे मात्र कडेला सरकून बास्केटवर खिळलेली. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. भाचीने तिच्याकडे कधी पाहिलेच नव्हते. कण पुसण्याच्या नादात मावशी चेहऱ्यावरून बोळा फिरवत आली होती, आणि ते डोळे तिने एकदाही निरखले नव्हते.

मध्यंतराची शिट्टी होताच तिने बुटकीला भिंतीपाशी गाठले.

"उजव्या डोळ्यावर हात ठेव."

"आत्ता? का?"

"ठेव म्हणते ना. माझ्या हातात काय आहे?"

बुटकी क्षणभर घुटमळली. "कॅमेरा. दुसरं काय असणार?"

मावशीचे हात रिकामे होते. कॅमेरा कोपऱ्यात जमिनीवर पडला होता.

"कधीपासून?" मावशीने तिचा हात डोळ्यावरून खाली घेतला.

"हंगामाच्या सुरुवातीला चेंडू लागला ना, तेव्हापासून. आधी कडेला धूर असल्यासारखं. मग पडदा सरकत आला. दुखत नाही गं."

"आणि आईला?"

"आई बूट जाळेल माझे! मावशी, अर्धाच सामना राहिलाय. उद्या तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. तुझी शपथ."

"परत लागला तर?"

"नाही लागत. मी मान वळवते ना."

शिट्टी झाली आणि ती पळालीसुद्धा. मावशी रेषेपाशी उभी राहिली. फोटो काढणाऱ्याने रेषा ओलांडायची नसते, हा नियम तिने कधी मोडला नव्हता. तेवढ्यात समोरच्या मुलीचे कोपर बुटकीच्या डाव्या कानशिलाला निसटता वारा घालून गेले. बुटकीची पापणीही लवली नाही.

मावशी मैदानात शिरली.

पंचांनी कर्कश शिट्टी फुंकली. प्रशिक्षक धावत आले. "अहो बाई, वेड लागलं का?"

"तिला बाहेर काढा. डाव्या डोळ्यानं दिसत नाही तिला."

"काहीतरीच! मागच्या सामन्यात सगळ्यांत जास्त गुण तिचे आहेत."

"तिलाच विचारा."

प्रशिक्षकांनी बुटकीकडे पाहिले. बुटकी जमिनीकडे पाहत होती. चिडवणाऱ्या मुलींच्या तोंडचे पाणी पळाले.

"मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही," बुटकी मावशीला म्हणाली आणि जाऊन बाकावर बसली.

मावशीने ताईला फोन लावला. "जिंकली का गं?" ताईने उचलताच विचारले. "ताई, डोळ्यांच्या दवाखान्यात ये. आत्ताच्या आत्ता," एवढेच ती कसेबसे बोलली. मग ती गुपचूप जाऊन भाचीशेजारी बसली. सामना पुन्हा सुरू झाला. बुटकी गळ्याभोवती टॉवेल आवळून ताठ समोर पाहत होती. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला. त्यात राग नव्हता, नुसती भीती होती.

"सर, मावशी गेली का?"

मावशी तिच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर बसलेली होती.