झाकलेला विस्तव

करफ्यूचा तिसरा दिवस. डिलाईल रोडवर चिटपाखरू नाय, कोपऱ्यावर फक्त पोलीस. दादाला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात उचलून नेलेला. घरात आम्ही तिघी: आये, मालनवैनी नि मी. आणि वैनीचं सहा दिवसांचं पोर. आठव्या महिन्यातच आलं, माझ्या दोन ओंजळीत मावेल एवढं. सुईण सांगून गेली होती, खाटेखालची शेगडी बाराव्या दिवसापर्यंत विझता कामा नये, ह्याच्या अंगात स्वतःची ऊब नाय.

आणि कोळशाची वखार तीन दिवस बंद.

बाजूच्या खोलीत अच्युत मास्तर अडकलेले. गिरगावातनं संध्याकाळी आमच्या चाळीत गिरणीवाल्यांना इंग्रजी शिकवायला यायचे, करफ्यू लागला नि इथेच राहिले. माझं मास्तर लोकांशी जमत नाय. सातवीत एकाने कान पिळला, मी पाटी फेकून मारली, शाळा खलास. पण हे मारणारे नव्हते. नुसते गॅलरीत बसून बोलायचे.

मी त्या दिवशी करफ्यूच्या नावाने शिव्या घालत होते. मास्तर म्हणाले, शिव्या घाल, पण शब्द कुठला ते तरी माहीत करून घे. इंग्रजांचा नाही तो, फ्रेंचांचा. त्यांच्याकडे कुव्र-फ. कुव्र म्हणजे झाकणे, फ म्हणजे विस्तव. जुन्या काळी तिकडे लाकडाची घरं, गवताची छपरं. एकाची चूल भडकली तर गाव जळायचं. म्हणून संध्याकाळी घंटा व्हायची, की ज्याने त्याने आपला विस्तव राखेने झाकायचा. इंग्रजांनी शब्द उचलला, दोनाचा एक केला. मग त्यांच्या शब्दातनं विस्तव गेला, नुसती घंटा राहिली. मग घंटाही गेली. उरलं काय, घराबाहेर पडू नका. फ्रेंच बोलतात तेव्हा मात्र अजून झाकणं नि विस्तव दोन्ही ऐकू येतात.

"विझवायचा नाय?" मी विचारलं.

"झाकायचा. सकाळी परत लागतो ना."

आये तांदूळ निवडत होती. म्हणाली, "गावाक आमी तेच करीत होतो. निखारो राखेत पुरूचो, सकाळी फुंकर मारूची. त्याका फ्रेंच कित्याक व्हया?"

मास्तर हसले. मग आयेने मला बजावलं, आज शेगडीवर राख घाल, कोळसा जपून पुरव.

मी घातली नाय. झोपायच्या वेळी पोराचे पाय गार लागले, मला राग आला. राखेने कधी कोणाला ऊब आलीय? उरलेले सगळे कोळसे शेगडीत टाकले नि पंख्याने वारा घातला. मस्त लाल झाले.

सकाळी शेगडीत पांढरी राख. हात घातला, गार. पोर रडत नव्हतं, वैनी छातीला लावत होती तर तोंड उघडत नव्हतं. आयेने त्याला आपल्या पोटाशी लुगड्यात गुंडाळलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिन्ही मजल्यांवर दारं ठोकली. कोळसा कोणाकडेच नाय. गॅलरीतनं खाली बघितलं, तर कोपऱ्यावर पोलिसांनी खोक्यांच्या फळ्या पेटवलेल्या, हात शेकत बसलेले. आम्ही घरात गारठायचं नि ह्यांची शेकोटी.

घमेलं घेतलं नि जिना उतरले. मास्तर मागनं हाका मारत होते.

रस्त्यावर पाय ठेवला तसा एकाने बंदूक उचलली. मी घमेलं उपडं करून डोक्यावर धरलं, रिकामं दिसावं म्हणून, नि चालत राहिले. पळाले नाय.

"कुटं निघालीस गं?" म्हातारा हवालदार होता, घाटावरचा.

"निखारे पायजेत."

"करफ्यू हाय, कळतंय का?"

"तुमच्याकडेच विस्तव आहे. बाळंतिणीची शेगडी विझली."

बंदूकवाला काहीतरी बोलणार होता, हवालदाराने हाताने गप केला.

"कितवा दिस?"

"सातवा. आठव्या महिन्यातलं पोर आहे."

त्याने काठीने जळत्या फळ्या बाजूला केल्या, तळातले घट्ट निखारे निवडून घमेल्यात ओढले. मी उचलायला वाकले तर म्हणाला, "थांब की. उघडे नेतीस व्हय? जिन्यात वारं लागंल." मग कडेची राख पत्र्याच्या तुकड्याने भरली नि निखाऱ्यांवर घातली, एकही लाल दिसेना तोवर.

"झाकून ठेव. पुरवून वापर."

वर आले तेव्हा मास्तर गॅलरीतच होते, सगळं बघितलेलं. त्यांनी नुसतं दार उघडून धरलं.

आयेने शेगडी भरली, खाटेखाली सरकवली. वैनीने पोराला परत पाजायला घेतलं. चहा उकळायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ गेला असेल. मग पोराने चोखल्याचा चुरूचुरू आवाज आला.

चारला करफ्यूत दोन तास सूट मिळाली, मी कोळसा घेऊन आले. आयेने पिशवी हातातनं काढून घेतली. बाराव्यापर्यंत तिने मला शेगडीला हात लावू दिला नाय.