यादीतली फुली

शिंपीणबाईंच्या पत्राला ग्रंथपालांनी दोन वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. पत्र जेमतेम पाच ओळींचं, पण शब्द न् शब्द त्यांना तोंडपाठ होता: 'प्रत्येक दारामागे देव राहतो, असं तुम्ही भाडेकरूंच्या दर सभेत सांगता. माझ्या दाराशी चारदा आलात, चारदा सही घेऊन गेलात. आत आमचे हे अंथरुणाला खिळलेले. त्या देवाला कधी विचारलं नाहीत, बरा आहेस का. तुमच्या यादीत माझ्या नावापुढे फुली आहे, तीही मी पाहिली.'

फुली म्हणजे सही देतील, पण सभेला यायच्या नाहीत. फारशा उपयोगाच्या नाहीत. यादी ग्रंथपालांनीच केली होती, पुस्तकांची करावी तशी, नेटकी. उत्तराचे पाच-सहा खर्डे त्यांनी लिहिले आणि फाडले. प्रत्येकात स्वतःचीच वकिली.

पुढे बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे राहायला गेल्या. खोली मात्र त्यांच्याच नावावर राहिली. आता इमारत पाडण्याविरुद्धच्या अर्जाला एक सही कमी पडत होती, तीही नेमकी त्यांची. मुदत पंधरा दिवसांची.

भाडेकरूंचा अध्यक्ष, नळदुरुस्तीवाला, सकाळीच अर्ज घेऊन ग्रंथपालांच्या पुस्तकांनी भरलेल्या खोलीत आला.

"काका, पत्र लिहा नि हा आत कोंबा. तुमचं अक्षर बघूनच विरघळतील बाई."

"त्यांनी विचारलंय त्याचं उत्तर आधी द्यायला हवं."

"द्या की. वर उत्तर, खाली अर्ज. एका तिकिटात दोन कामं."

"तेच तर आजवर केलं रे."

"आणि इमारत गेली तर ही पुस्तकं ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

त्याचं काही चूक नव्हतं. चौदा बिऱ्हाडं त्या एका सहीवर टांगलेली होती. ग्रंथपालांनी कागद पुढे ओढला. 'फुली मीच मारली. चुकलो. तुमच्या यजमानांची तब्येत आता कशी आहे? उठून बसवतं का? रविवारी भेटायला, त्यांना काही वाचून दाखवायला आलो तर चालेल का? नको असेल तर तसं कळवा.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत अध्यक्ष बरोबर आला. पाकीट त्यानं हातात तोलून पाहिलं.

"हलकं लागतंय."

"अर्ज घातला नाही."

"मग सही?"

"मागायचीच तर समोर बसून मागीन. त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे."

अध्यक्षानं पत्ता दोनदा वाचला आणि पाकीट परत त्यांच्या हातात दिलं.

"टाका," तो म्हणाला.

ग्रंथपालांनी ते फटीतून आत सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत दोघं तिथंच उभे राहिले.