सुईने की सुईनंतर

सिस्टरला त्या दिवशी सगळ्याचाच वीट आला होता. सगळ्यात जास्त आत्याचा. भाची मधुमेहाच्या दवाखान्यात नोकरीला, आणि सख्ख्या आत्याने महिनाभर इन्सुलिन बंद ठेवलेलं! का, तर कुठल्यातरी दीडशहाण्याने मोबाइलवर पाठवलं होतं की इन्सुलिनने डोळे जातात.

"अगं, खोटं आहे ते," सिस्टर रोज फोनवर ओरडायची. "साफ खोटं!" जेवढी ही ओरडे, तेवढी ती हट्टाला पेटे. शेवटी आज तिला अक्षरशः धरून आणलं, तर बाकावर बसल्याबसल्या आत्याने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"मी येडी ना? मग हे काय? तुमच्याच दवाखान्याने लिहिलंय!"

भिंतीवर मोठ्या डॉक्टरांचा लाडका फलक होता. वीतभर लाल अक्षरांत, 'इन्सुलिनने डोळे जातात'. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत, 'असे म्हणणे खरे नाही'. आपल्या भाषेत 'नाही' बिचारं आधीच वाक्याच्या शेपटाला, त्यात डॉक्टरांनी ते शेपूटही कापत आणलेलं. गैरसमज आधी ठळक मांडावा आणि मग खोडावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे अफवेला दवाखान्याने फुकटात भिंत दिली होती. रोज त्याखालून ये-जा करून आपल्यालाही ते खटकलं नाही, याची सिस्टरला शिसारी आली.

पुन्हा 'खोटं, खोटं' ओठांवर आलं होतं. ते गिळून ती आत्याशेजारी बसली.

"तू स्वतः कुणाचे डोळे गेलेले पाहिलेस?"

"शिंपीणबाईंचे. सुई सुरू केली आणि वर्षाच्या आत आंधळ्या झाल्या. माझ्यासमोर घडलंय."

महिनाभर घसा कोरडा केला, पण हे एवढं विचारायचं सुचलं नव्हतं.

"घडलं ते खरंच आहे," सिस्टर म्हणाली, तशी आत्याने चमकून पाहिलं. "पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी साखर अंगावर काढली. डोळ्यांतल्या बारीक शिरा त्या साखरेने खाल्ल्या. सुई आली तोवर फार उशीर झाला होता. डोळे वाचवायचे तर सुई वेळेवर हवी."

आत्या म्हणाली, "म्हणजे सुईने नाही, सुईनंतर गेले?"

"सुईनंतर."

आत्याने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला आणि पोटावरचं कापड वर केलं. "टोच बाई."

सिस्टरच्या जिवात जीव आला. राग मात्र उतरेना. "आधी हा घाणेरडा फलक उतरवते," ती सुई तयार करत म्हणाली. "पण तूही कमाल करतेस आत्या. निदान खालची ओळ तरी वाचायचीस!"

"खालची ओळ?" आत्याने डोळे बारीक केले, मान पुढे काढली, पुन्हा मागे घेतली. "ती नुसती रेघ आहे ना गं?"